गुंतवळ

१

साधनाचा दिवस वेणीने सुरू व्हायचा, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या. स्वतःचे केस ती चार फटक्यांत विंचरून अंबाडा बांधायची, बार्शीटाकळीहून सकाळची पहिली गाडी पकडायची आणि अकोल्यात उतरून मिशनच्या जुन्या वसाहतीपर्यंत पायी जायची. व्हरांड्यात चपला काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, सलोमीबाईंच्या पाठीला तीन उशा लावायच्या आणि फणी हातात घ्यायची. वेणी झाल्याशिवाय सलोमीबाई घास घेत नसत. बाकी सगळं विसरल्या होत्या, तेवढं मात्र विसरल्या नव्हत्या.

सलोमीबाई चक्रनारायण चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आयुष्याची चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात गेली, त्यातली शेवटची पंधरा मेट्रन म्हणून. आता पोटचा मुलगाही ओळखू येत नव्हता आणि दोन वर्षांत तोंडातून शब्द निघाला नव्हता. मुलगा अनुप पन्नाशीचा, विम्याच्या कचेरीत कामाला. दहाला निघायचा, सहाला यायचा. मधल्या वेळात त्या चार खोल्यांत साधना, सलोमीबाई आणि कूलरची घरघर, एवढंच.

पहिल्या दिवशी साधनाला एकच गोष्ट खटकली. पलंगाच्या उशाशी एक वेताची खुर्ची होती, तोंड पलंगाकडे. साधनाने धुतलेल्या चादरींची चळत तिच्यावर ठेवली, तर अनुपने ती मुकाट्याने उचलून कपाटात नेली.

"साधनाताई, या खुर्चीवर काही ठेवत जाऊ नका. आईचा नियम हाय तो. वॉर्डात एकही पलंग खुर्चीविना राहू द्यायची नाही ती. ज्याले भेटाले कोणीच येत नाही, त्याच्यापाशी प्रभू येऊन बसते म्हणे."

"मंग मी कोठी बसू भाऊ?"

"तुमच्यासाठी स्टूल हाय ना," अनुप हसला.

खुर्चीच्या वर भिंतीला एक चौकट होती, त्यात शास्त्रातलं वचन. साधनाने ते सावकाश वाचलं. माणूस कधी बसतो, कधी उठतो, हे देवाला कळतं. शब्द जिभेवर येण्याआधीच त्याला ठाऊक असतो. साधनाच्या पर्समध्ये शेगावच्या महाराजांचा फोटो असे. देव कोणाचाही असो, त्याला नमस्कार करायला आपलं काय जातं, अशा मताची ती होती. तिने चौकटीलाही हात जोडले आणि कामाला लागली.

२

तिसऱ्या आठवड्यात सलोमीबाई बोलल्या.

साधना मागे उभी राहून केस विंचरत होती. पांढरे, विरळ, पण लांब केस. सलोमीबाईंनी मान थोडी खुर्चीकडे वळवली, क्षणभर थांबल्या, आणि एखादी परिचारिका तापाचा आकडा सांगते तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "एकेचाळीस हजार तीनशे नऊ."

साधनाच्या हातातली फणी थांबली. संध्याकाळी तिने अनुपला सांगितलं, तर त्याचे डोळेच भरून आले. "बोलली? आई बोलली?" दुसऱ्या दिवशी तो कचेरीत उशिरा गेला, पलंगाशी उभा राहिला. वेणीच्या वेळी सलोमीबाईंनी पुन्हा मान वळवली, पुन्हा थांबल्या. "एकेचाळीस हजार दोनशे पंच्याण्णव."

"केस मोजून राहिली ती," अनुप म्हणाला. "रविवारच्या शाळेत आमाले हेच शिकवायची. तुमच्या डोक्यावरचा प्रत्येक केस त्यानं मोजलेला हाय, एवढं तो तुमाले ओळखते. आमी पोट्टे एकमेकाचे केस मोजत बसायचो." आणि तो डोळे पुसत, पण खुशीत, कामावर गेला.

साधनाने फणीतले केस बोटावर गुंडाळता गुंडाळता सहज मोजले. चौदा. मग तिने कालचा आकडा आठवला, आजचा त्यातून वजा केला. चौदा.

हे असं काही मनात आलं की माणूस आधी स्वतःलाच हसतो. साधनाही हसली. म्हाताऱ्या बाईने आकडा कुठून तरी धरला असेल, आपण तो जुळवला. तिसऱ्या दिवशी आकडा आला दोनशे चौऱ्याऐंशी. म्हणजे अकरा गेले. तिने फणी उजेडात धरून मोजलं, तर नऊच. तिला केवढं तरी हायसं वाटलं. मग चादर बदलायला तिने उशी उचलली, आणि उशीच्या अभ्र्यावर दोन लांब पांढरे केस होते.

३

मोजदाद साधनाला नकोशी व्हायची, आणि त्याला कारण होतं.

याआधी ती अमरावतीला होती. खुशालराव म्हणून एक म्हातारे, लकव्याने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. त्यांच्या सूनबाई प्रमोदिनीवहिनी कॉलेजात शिकवायच्या, मुलगा वकील; दिवसभर घरात साधना आणि खुशालराव. काही हवं असलं की ते डाव्या हाताने स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचे. दोन वर्षं साधनाने त्यांचं सगळं केलं, मनापासून केलं. मागच्या मे महिन्यातल्या एका दुपारी मात्र ती कावली होती. सकाळपासून त्यांनी तीनदा अंथरूण भरवलं होतं, दोनदा घास तिच्या अंगावर थुंकला होता. ती नुकती कुठे बैठकीत पंख्याखाली टेकली, आणि वाटी वाजायला लागली. तिने ऐकलं. रागाने मोजलंसुद्धा. सतरा वेळा वाजली. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. अर्ध्या तासाने खोलीत गेली, तर खुशालराव उशीवरून घसरलेले, हनुवटी छातीत रुतलेली, गार.

"झोपेतच गेले," तिने घरच्यांना सांगितलं. कोणी शंका घेतली नाही. उलट वहिनी तिच्या गळ्यात पडून रडल्या. तिची मुलगी आचल हिला त्यांनीच खटपट करून अमरावतीच्या नर्सिंगला प्रवेश मिळवून दिला, आणि वसतिगृहात कशाला म्हणून घरीच ठेवून घेतलं. खुशालरावांच्याच खोलीत. अकोल्यातलं हे कामही वहिनींच्या शब्दावर मिळालेलं. ती दुपार उघडी पडली असती तर आचलचं सामान त्याच दिवशी दाराबाहेर आलं असतं. तेही एक वेळ निभलं असतं. पण आचल आपल्याकडे कोणत्या नजरेने बघेल, ते निभणारं नव्हतं. आणि ती दुपार बघायला होतं कोण? कोणीच नाही. या एका गोष्टीवर साधना रोज रात्री झोपत होती.

यंदा मे महिना लागल्यावर एका सकाळी सलोमीबाईंना भरवून झालं तेव्हा आचलचाच फोन आला.

"आई, रविवारी आबाचं वर्षश्राद्ध हाय. वहिनी म्हन्तात, तू सकाळीच येजो. सारे पाहुणे येऊन राह्यले. तुले साडी देनार हायेत. आन् आबा कसे शांत गेले थे दोन शब्दात सांगजो, म्हन्तात."

"मले चार मानसात काय बोलता येते वं?"

"त्यात बोलाचं काय हाय? जे झालं थेच सांगाचं." आचल काहीतरी खात होती, मागे चमचा वाजल्याचा आवाज आला. साधनाने फोन कानापासून दूर धरला.

"काय खाऊन राह्यली?"

"चिवडा. आबाची वाटी अजून टेबलावरच हाय ना, त्यातच घेते."

४

त्याच आठवड्यात साधनाच्या हातून ती चूक झाली. खरं तर चूक म्हणावी अशी ती नव्हतीच. बार्शीटाकळीतल्या कोणत्याही बाईने तेच केलं असतं.

पलंगाखाली झाडताना तिला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर आत गुंतवळ. फणीत निघालेल्या केसांच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या, शेकडो, तळाशी काळ्या, वर येता येता करड्या, अगदी वर पांढऱ्या. साधनाच्या आईचंही असं एक फडकं छपराला खोचलेलं असायचं. गावात केसवाला आला, की बाया आपापलं गुंतवळ काढायच्या आणि त्यावर त्याच्याकडून भांडं घ्यायच्या. म्हातारीने साठवलं आणि द्यायचं विसरून गेली, असं साधनाला वाटलं. आणि योग असा, की त्याच सकाळी वसाहतीच्या रस्त्यावर सायकलवरून आरोळी आली, "केसावर वाटी, केसावर गिलासऽऽ!"

स्वतःसाठी तिने काही घेतलं नाही, हे सांगायला हवं. डब्यातलं सगळं गुंतवळ देऊन तिने एक जाड बुडाची स्टीलची वाटी घेतली आणि सलोमीबाईंच्याच स्वयंपाकघरात घासून पालथी घातली. त्यांना पेज भरवायला चांगली वाटी नव्हतीच.

अनुपला कळलं तेव्हा तो रागावला नाही. रिकाम्या डब्यात मात्र बराच वेळ बघत राहिला.

"मले वाटलं, केसवाल्यासाठीच ठेवलं असन," साधना म्हणाली. तिला आता खरोखर वाईट वाटत होतं.

"तुमचं काय चुकलं? तुमाले कोणी सांगितलं होतं?" अनुपने झाकण लावलं. "आई म्हणे, जे त्यानं मोजलं ते मी फेकू कशी? नर्स झाली त्या दिवसापासून साठवलं होतं तिनं. जाऊ द्या. त्याले तर ठाऊकच असन कुठं गेलं ते."

जाता जाता तो एवढंच बोलला, पण साधना घरी जाईपर्यंत त्याच वाक्याशी अडकून राहिली.

५

दुसऱ्या दिवशी फणी लावल्याबरोबर सलोमीबाईंनी मान वळवली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबल्या. आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव हजार सहाशे बारा."

साधनाने त्यांच्या टाळूकडे बघितलं. गुलाबी कातडी दिसत होती. त्या डोक्यावर एवढे केस असणं शक्य नव्हतं. मेंदू आणखी बिघडला म्हणायचं, आणि विषय संपला. विषय संपला खरा, पण त्या दिवशी साधनाने तीनदा स्वतःच्या अंबाड्याला हात लावून बघितला.

पुढच्या सकाळी तिने घरी दार लावून, जमिनीवर पांढरा टॉवेल पसरून केस विंचरले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे गळलेले केस मोजले. बावीस. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. गाडीत बसल्यावर तिला एक युक्ती सुचली. कानामागचा एक केस तिने हिसक्याने उपटला आणि खिडकीबाहेर सोडून दिला. शेजारची बाई बघत राहिली. आता तेवीस, आणि हा तेविसावा जगात कोणाला माहीत नाही, असं साधना मनाशी म्हणाली. आपण नक्की कोणाला हरवायला निघालो आहोत, याचा विचार तिने केला नाही.

सलोमीबाईंच्या मागे उभी राहून तिने फणी लावली. सलोमीबाईंनी खुर्चीकडे मान वळवली. आता साधनाच्या पहिल्यांदाच नीट लक्षात आलं, की त्या आठवायला थांबत नाहीत. त्या ऐकायला थांबतात. कोणीतरी सांगतं, ते संपतं, मग त्या बोलतात.

"अठ्ठ्याण्णव हजार पाचशे एकोणनव्वद."

साधनाने वजाबाकी मनात केली, मग बोटांवर केली, मग वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने केली. तिन्ही वेळा तेवीस आले.

६

मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरोघरी पडदे ओढलेले आणि कूलर लावलेले असतात. दोनच्या सुमारास लाइन गेली. कूलरचं पातं सावकाश थांबलं, टपटपणारं पाणी थांबलं, आणि घरात अशी शांतता झाली की साधनाला स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

ती स्टुलावर बसून नव्या वाटीतून पेज भरवत होती. वाटीला चमचा लागला आणि आवाज झाला. बारीक, स्वच्छ आवाज. अमरावतीच्या वाटीचा होता तसाच. स्टीलच्या वाट्या काय, सगळ्या सारख्याच वाजतात, असं तिने स्वतःला बजावलं.

सलोमीबाईंनी तोंडापुढचा चमचा हळूच बाजूला केला. खुर्चीकडे बघितलं. मग साधनाकडे. दोन महिन्यांत त्यांनी साधनाच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

कशाचे एकोणीस, हे साधनाला विचारावं लागलं नाही. तिने वाटी खाली ठेवली. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या छातीवरचा दगड बाजूला झाला, कारण ते चुकलं होतं. एकोणीस नव्हेत, सतरा! सतराच वेळा वाजली होती वाटी. तिने स्वतः मोजलं होतं. म्हणजे खुर्चीत कोणी नाही, कोणाला काही ठाऊक नाही. एक खुळी म्हातारी आहे आणि तोंडाला येईल तो आकडा फेकते. आजवर जुळले ते योगायोग. साधना मोठ्याने हसली, त्या बंद खोलीत एकटीच.

"सतरा," ती म्हणाली. "सतरा होते, आजी."

सलोमीबाईंनी पुन्हा मान वळवली, ऐकलं, आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाल्या, "नाही बाळ. एकोणीस."

७

"भाऊ, एक विचारू?" संध्याकाळी पर्स खांद्याला लावून साधना दारातच घुटमळली. "तुमच्या देवाले मानसाचं सारंच माहीत असते म्हन्ता. जे मानूस कोनालेच सांगत नाई थेही?"

अनुप बूट काढत होता. "जे माणूस स्वतःलेही सांगत नाही, तेही."

"तुमाले भेव नाई वाटत?"

त्याने थोडा विचार केला. तो सरळ माणूस होता, विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा. "बायको सोडून गेली तवा वाटलं होतं. मी कसा वागलो ते मलेच ठाऊक होतं. पण मंग बरं वाटलं, ताई. कोणीतरी आपल्याले पूर्ण ओळखते आन् तरी उठून जात नाही. बसून राहते."

"बसून राहते," साधना म्हणाली. तिने आत बघितलं नाही. "भाऊ, सोमवारपासून दुसरी बाई पाहा. मले जमनार नाई."

गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात तडकली होती. ती सतरा, सतरा असं घोकत होती, आणि घोकता घोकताच ते वर आलं. आलं म्हणण्यापेक्षा, तिथेच होतं. तिने त्यावर वर्षभर पाय देऊन ठेवला होता.

सतरानंतर ती उठली होती. हातात रिमोट तसाच. बैठकीतून खुशालरावांच्या खोलीपर्यंत सहा पावलं. ती दारात जाऊन उभी राहिली होती. खुशालराव उशीवरून घसरलेले, हनुवटी छातीत, चेहरा काळानिळा पडत चाललेला, डाव्या हातात चमचा. त्यांनी तिला पाहिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते तिला आता लख्ख दिसत होतं. आली, असं आलं. सुटलो, असं आलं. त्यांनी चमचा आणखी दोनदा वाटीला लावला, अगदी हलका. ते बोलावणं नव्हतं आता. आलेल्या माणसाला 'ये' म्हणावं तसं ते होतं.

अठरा. एकोणीस.

आणि साधना मनात म्हणाली होती, पडू दे त्यायले जराशीक. मग मागे वळली, बैठकीत गेली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

गाडी बार्शीटाकळीच्या स्टँडवर थांबली, सगळे उतरले. कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा ती उठली.

८

शनिवार हा तिचा तिथला शेवटचा दिवस. फणी लावली तेव्हा सलोमीबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्याचीच साधनाला जास्त भीती वाटली. अनुप कामावर गेला. तिने पेज भरवली, वाटी घासून ओट्यावर पालथी घातली, सलोमीबाईंचे हात चादरीखाली नीट ठेवून चादर दोन्ही बाजूंनी खोचली. उद्या अमरावतीला काय बोलायचं ते ती भांडी घासताना जुळवत होती. सुखानं गेले. मी जवळच होते.

दोनला लाइन गेली. कूलर थांबला.

आणि आतल्या खोलीत वाटी वाजली.

साधनाने ओट्याकडे बघितलं. वाटी तिच्यापुढे पालथी होती, तिच्यावर पाण्याचे थेंब अजून तसेच होते. चमचा शेजारी. वाटी पुन्हा वाजली, आत. तीन. चार. घाई नव्हती त्या आवाजाला. ही शेजारच्या घरातली असेल, तिने स्वतःला सांगितलं. नऊ. दहा. नळाचा असेल, ऊन लागून पत्रा वाजत असेल. तिने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. पंधरा. सोळा. सतरा.

मग थांबलं.

स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंतची पावलं तिने आजवर कधी मोजली नव्हती. आज मोजली. सहा. ती दारात जाऊन उभी राहिली.

सलोमीबाई उशांवरून घसरल्या होत्या. हनुवटी छातीत, ओठ निळे पडत चाललेले. हात चादरीखाली, चादर दोन्ही बाजूंनी खोचलेली, जशी तिने खोचली होती तशीच. आणि वेताची खुर्ची आता पलंगाकडे तोंड करून नव्हती. ती दाराकडे वळलेली होती. तिच्याकडे. खुर्चीचा वेत मधोमध खाली गेला होता, वजन असल्यावर जातो तसा.

अठरा, वाजलं. अगदी हलकं.

एकोणीस.

साधना ओरडत आत धावली. त्या खुर्चीला खेटून तिला जावं लागलं, आणि तिच्या उघड्या दंडाला ऊब लागली, माणसाच्या शेजारून जाताना लागते तेवढी. तिने सलोमीबाईंना काखेत हात घालून वर ओढलं, मान मागे केली, तोंडात बोट घालून घास काढला, पाठीवर थापट्या मारल्या. एक घरघर झाली, मग श्वास लागला. ओठांवर हळूहळू रंग आला. साधना पलंगाच्या कडेला बसून, म्हातारीला छातीशी धरून हमसून हमसून रडली. खुशालरावांसाठी ती पहिल्यांदा रडत होती. या वर्षभरात एकदाही रडली नव्हती.

सलोमीबाईंना झोप लागली. साधनाने त्यांना नीट निजवलं. खुर्चीकडे पाठ करून ती उभी होती, तेव्हा कमरेला खोचलेला फोन वाजला.

"आई, उद्या किती वाजता पोचशीन? वहिनी विचारून राह्यल्या. पत्रिकेत तुहं नावबी टाकलं त्यायनं."

मले ताप आला, येनं होत नाई, असं सांगायचं साधनाने ठरवलं. वाक्य तयार होतं. तिने तोंड उघडलं.

"मी दारात उभी होते," असा आवाज आला.

तो तिचा नव्हता. तिच्या मागून आला होता, शांत, स्वच्छ. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला माणूस उत्तर देऊ शकतो. साधनाचे ओठ तिला न विचारता हलले.

"मी दारात उभी होती," ती म्हणाली.

"कोनत्या दारात? आई?"

"त्यांनी मला पाहिलं," मागून आलं.

"त्यायनं मले पाह्यलं, आचल. आबानं. आन् मी वापस गेली."

मग आचलने विचारलं, अगदी लहान झालेल्या आवाजात, "आई, तुह्या आधी कोन बोलून राह्यलं?"

साधनाने सलोमीबाईंकडे बघितलं. त्या गाढ झोपल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मागे वेत करकरला. खाली दबलेला वेत कोणी उठल्यावर सावकाश वर येतो, तसा. मग तिच्या उजव्या खांद्याशी, अगदी जवळ, ऊब आली.

"आई? कोन हाय तिथं? बोल ना वं."

पुढचं वाक्य अजून साधनाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते तिला कानाशी ऐकू आलं.